क्लेमच्या तीन फैरी

हार्वी सँडस्ट्रॉमला मातीत ठेवून सलामी दिली, तेव्हा फैरी झाल्या तीन आणि आवाज आले एकोणीस. सात म्हातारे, सात बंदुका, तीन वेळा हुकूम. सगळ्यांनी एकाच क्षणी चाप ओढला तर ऐकणाऱ्याच्या कानावर तीनच आवाज पडायला हवेत. आमच्या टॅमरॅक गावातल्या माजी सैनिकांची सलामीची तुकडी मात्र लाह्या फुटाव्यात तशी फुटली. आधी एक फट्, मग दोन फट्फट्, मग शांतता. आता संपलं असं समजून पाद्रीबुवांनी तोंड उघडलं, तर आणखी एक फट्. हार्वीची सून अशी दचकली की सासऱ्यामागोमाग खड्ड्यातच जायची, पण नवऱ्यानं तिचा कोट धरला.

त्यात बिगूल. खरा बिगूल वाजवणारा आमच्याकडे आता कोणी उरलेला नाही, म्हणून बिगुलाच्या पोटात एक यंत्र बसवलेलं असतं. बटण दाबायचं, बिगूल ओठांना लावायचा आणि गाल फुगवून दुःखी चेहऱ्यानं उभं राहायचं. डेल हे काम झकास करतो. त्या दिवशी मात्र त्याला मध्येच शिंक आली. त्यानं बिगूल खाली घेतला, शिंकला, नाक पुसलं, आणि तेवढा वेळ बिगूल त्याच्या मांडीजवळ एकटाच विलाप करत राहिला.

तुकडीचा प्रमुख रेइनो कांगस हे सगळं दातओठ खात बघत होता. सत्याहत्तरीचा उंच, सरळ माणूस. बायको आयली जाऊन काही वर्षं झाली होती, पण पँटची इस्त्री अजून तशीच कडक. घरी एक कुत्रा, त्याचं नाव मफिन. ते नाव आयलीनं ठेवलेलं, त्यामुळे बदलता येत नव्हतं आणि चारचौघांत हाकही मारता येत नव्हती.

दफनभूमीच्या फाटकाशी चाकांच्या खुर्चीत, अंगावर दोन घोंगड्या घेऊन क्लेम डुप्रे बसला होता. रेइनोचा जन्माचा मित्र. दोघं एकाच शाळेत नापास झाले, एकाच बसनं सैन्यात गेले, व्हिएतनाममध्ये एकाच खड्ड्यात बसले आणि परत येऊन एकाच खाणीत लागले. आता क्लेमला पोटाचा कर्करोग होता आणि तो रेइनोची वाट बघत होता.

"एकोणीस," क्लेम म्हणाला.

"सात त्रिक एकवीस होतात," रेइनो म्हणाला.

"दोन उडाल्याच नाहीत. मी मोजले ना. माझी बोटं संपली, म्हणून बर्नीची घेतली."

क्लेमची बायको बर्नडेट, म्हणजे बर्नी, हिनं पुरावा म्हणून दोन्ही हात वर करून दाखवले.

नंतर त्यांच्या स्वयंपाकघरात बर्नीनं गरम पास्टी वाढल्या. मांस, बटाटा आणि सलगम भरलेली ती जाड पोळीची करंजी क्लेम चवीनं खात होता. उन्हाळ्यात त्याच्या पोटात पाण्याचा घोट टिकत नव्हता. मग राज्य सरकारचं रुग्णांसाठीचं परवाना-कार्ड काढून तो गांजाच्या गोळ्या घ्यायला लागला. हिरव्या, आंबट, चघळायच्या. पेपरमिंटच्या डब्यात ठेवायचा. तेव्हापासून अन्न पोटात राहायला लागलं. रेइनोला हे दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच तो खिडकीबाहेर बघत होता.

"ऐक," क्लेम म्हणाला. "मी हिवाळ्यात जाणार. जमीन गोठलेली असणार, खड्डा खणता येणार नाही. म्हणजे मला दफनभूमीतल्या त्या दगडी कोठडीत वसंतापर्यंत ठेवतील. जमीन मऊ होईपर्यंत तुला सरावाला वेळ आहे. एवढी मुदत मेल्यावर कोण देतं? पण मला तीन आवाज हवेत. तीन म्हणजे तीन."

"ऑर्विलचा खांदा वर जात नाही. त्याचं काय करू?"

"ऑर्विलचं काही नाही. घोळ तुझा आहे."

"माझा? मी तर बंदुकीला हातही लावत नाही. मी हुकूम देतो."

"तेच तर. तू 'नेम' म्हणतोस आणि मग गप्प होतोस. डोळे मिटतोस, खांदे कानापर्यंत चढवतोस. 'फायर' कधी येणार हे देवालाही कळत नाही. कधी लगेच येतो, कधी इतक्या उशिरा की एखाद्याचं बोट कंटाळून दाबलं जातं. तुला तो आवाज सोसत नाही, रेइनो. तिकडून आल्यापासून सोसत नाही. चार जुलैला फटाके लागले की तू मफिनला घेऊन तळघरात बसतोस."

"कुत्रा घाबरतो."

"आधीच्या कुत्र्यालाही घेऊन बसायचास. तो बहिरा होता."

रेइनोनं पास्टीचा मोठा तुकडा तोंडात घातला.

"झोप लागते तुला?" बर्नीनं विचारलं.

"लागते की."

"याच्या घरातला दिवा पहाटेपर्यंत चालू असतो," ती नवऱ्याला म्हणाली, जणू रेइनो तिथे नव्हताच.

क्लेमनं पेपरमिंटचा डबा टेबलावरून सरकवला. "रात्री अर्धी घे. फक्त झोपेपुरती."

"त्यापेक्षा मी मरेन."

"रांगेत माझा नंबर आधी आहे," क्लेम म्हणाला.

रेइनोनं डबा परत सरकवला. सरकवायलाच हवा होता, कारण नियम त्याचाच होता. दोन वर्षांपूर्वी मिशिगनमधल्या कोपऱ्याकोपऱ्यावर गांजाची दुकानं निघाली, तेव्हा त्यानं सैनिकांच्या हॉलमध्ये बैठक घेतली. त्याचं म्हणणं साधं होतं. सलामीच्या बंदुका वॉशिंग्टननं वापरायला दिलेल्या. मिशिगन म्हणतं गांजा खुशाल घ्या. वॉशिंग्टन म्हणतं, गांजा घेणाऱ्यानं बंदूक जवळ ठेवायची नाही. दोघांनाही कर आपणच भरतो. पण बंदूक वॉशिंग्टनची, तर शब्दही वॉशिंग्टनचाच. तेव्हा जो ते घेतो त्यानं बंदुकीला हात लावायचा नाही. मत घेतलं तेव्हा झाडून सगळ्यांचे हात वर गेले. ऑर्विलचा खांदा दुखरा, तरी त्याचाही गेला.

क्लेम फेब्रुवारीत गेला. त्या दिवशी रेइनो रडला नाही. त्यानं बर्नीच्या दारातला बर्फ काढला, मग शेजाऱ्याच्या दारातला काढला, मग सार्वजनिक रस्त्यावरचा काढायला लागला, तेव्हा बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्यानं खाली उतरून त्याच्या हातातलं फावडं घेतलं. त्याला फार एकटं वाटत होतं. आयली गेली तेव्हा क्लेम होता. क्लेम गेला तेव्हा फक्त मफिन होता.

तुकडीतले बाकीचे होते म्हणा. पण ते दर मंगळवारी ऑर्विलच्या ट्रकमध्ये कोंबून मासे मारायला जायचे आणि रेइनोला कोणी बोलवायचं नाही. एवढे मंगळवार गेले, एक मासा कधी कोणाच्या हातात दिसला नाही. रेइनोला माशांची हौस नव्हती. पण कोणी 'येतोस का' एवढं विचारायला हरकत नव्हती, आणि ते त्याला लागलं होतं.

मार्च आला. रात्री जागताना त्याला क्लेमची ती बोटं दिसायची. शेवटी तो माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात गेला. तिथली डॉक्टर हॉलिस तरुण, भली बाई. झोप येत नाही, आवाज सोसत नाही, हे सगळं रेइनोनं भिंतीवरच्या मणक्याच्या चित्राकडे बघत सांगितलं आणि मग हळूच म्हणाला, "त्या... हिरव्या गोळ्यांचं काय?"

"मी तुम्हाला त्या घ्या असं सांगू शकत नाही, मिस्टर कांगस."

"म्हणजे घेऊ नको."

"तसंही मी म्हटलेलं नाही."

"मग तुम्ही म्हणता तरी काय?"

"मी ऐकते आहे," डॉक्टर म्हणाली. "इथे मला त्याची शिफारस करायची मुभा नाही. पण तुम्ही घेत असाल तर मला जरूर सांगा. त्यानं तुमचं पेन्शन जात नाही, उपचारही थांबत नाहीत. इतर औषधांशी जमतंय का, तेवढं मला बघावं लागेल."

"ही जागा कोणाची?"

"केंद्राची. पार्किंगच्या कुंपणापर्यंत."

"आणि रस्त्याच्या पलीकडे?"

"मिशिगन."

रेइनोनं खिडकीतून मिशिगनकडे बघितलं. तिथे एक बाई कुत्रा फिरवत होती. "तिकडे तुम्ही मला भेटलात आणि मी हेच विचारलं तर?"

"तिकडे मी फक्त दूध आणायला जाते," डॉक्टर म्हणाली. पण म्हणताना हसली, आणि रेइनोला त्या हसण्यात काय ते कळलं.

टॅमरॅकच्या दुकानात जाणं शक्यच नव्हतं. तिथली मुलगी पाद्रीबुवांची पुतणी. म्हणून त्यानं विस्कॉन्सिनच्या सीमेवरच्या गावातलं दुकान निवडलं. पलीकडे विस्कॉन्सिनमध्ये गांजाला बंदी, त्यामुळे सगळं विस्कॉन्सिन इकडे खरेदीला येतं. त्या गर्दीत आपल्याला कोण ओळखणार, असा त्याचा हिशेब. चष्म्यावर काळा चष्मा चढवला, लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढली, कोटाची कॉलर वर केली. आणि खिशात माजी सैनिकाचं ओळखपत्र घेतलं, कारण मंगळवारी तिथे माजी सैनिकांना सूट होती. गुपचूप जायचं तर बुधवारी जावं, हे कोणालाही सुचेल. रेइनोला सुचलं नाही. त्याच्या घराण्यात सूट असताना पूर्ण भावानं काही घेतलेला माणूस झालेलाच नव्हता.

दुकानाच्या आवारात विस्कॉन्सिनच्या गाड्याच गाड्या. त्यांत एक ट्रक, एका दिव्याला निळी चिकटपट्टी लावलेला. अशी चिकटपट्टी ऑर्विलशिवाय दुसऱ्या कोणाच्या ट्रकलाही असू शकते, असं रेइनोनं स्वतःला सांगितलं आणि आत गेला.

आत बाकावर एका ओळीत त्याची तुकडी बसली होती. ऑर्विल, डेल आणि बाकीचे सगळे. हॉलमधल्या बैठकीला बसतात त्याच क्रमानं. प्रत्येकाच्या हातात नंबराचा कागद होता. तुकडीतला सगळ्यांत म्हातारा एलवुड नॅनकार्व्हिस तेवढा नव्हता.

काळा चष्मा घातलेला रेइनो त्यांच्याकडे बघत राहिला आणि ते रेइनोच्या बुटांकडे. काउंटरवरच्या, नाकात रिंग घातलेल्या मुलीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सर, तुम्हीही माजी सैनिकांच्या सवलतीसाठी ना? यांच्यासोबतच आलात?"

"मासे लागतायत का?" रेइनोनं विचारलं.

"आज जरा कमीच," ऑर्विल म्हणाला.

"तुम्ही सगळ्यांनी हात वर केले होते."

"तूही केला होतास," डेल म्हणाला. "आणि तो चष्मा काढ, भिंतीला धडकशील."

रेइनोनं काळा चष्मा काढला. बाकावर सरकून त्याला जागा झाली. तो बसला. खरं सांगायचं तर त्याला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही होता. पण त्याखाली त्याला हलकं वाटत होतं, कारण इतके मंगळवार ते त्याला टाळत नव्हते, त्याच्या नियमाला टाळत होते.

बाहेर ट्रकपाशी पिशव्या हातात घेऊन सगळ्यांचं बोलणं झालं. ऑर्विलचा खांदा गोळीशिवाय हलत नव्हता. डेलला रात्री गुडघे झोपू देत नव्हते. एकाला दारू सुटली होती ती यामुळे, आणि हे त्यानं पहिल्यांदाच कोणाला सांगितलं. रेइनोनं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "सगळं खरं. पण बंदुका वॉशिंग्टनच्या आहेत आणि त्यांच्यासाठी सही माझी आहे."

"मग घरातल्या शिकारीच्या बंदुकांचं काय?" कोणीतरी विचारलं.

सगळ्यांनी आभाळाकडे बघितलं.

"माझी बायकोच्या नावावर आहे," ऑर्विल म्हणाला. मग आणखी चौघांच्या बंदुकाही त्याच मिनिटाला बायकोच्या झाल्या. रेइनोला बायको नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली बंदूक उचलून बहिणीच्या घरी नेऊन टाकली.

शेवटी ठरलं ते असं. क्लेमचं दफन मेमध्ये. त्याच्याआधी महिनाभर सगळ्यांनी गोळ्या बंद करायच्या, बंदुकीला स्वच्छ हात लावायचे, तीन फैरी झाडायच्या आणि मग ज्याचं त्यानं बघावं. शरमलेली माणसं पटकन हो म्हणतात. सगळे हो म्हणाले.

त्या संध्याकाळी रेइनोनं अर्धी गोळी चघळली आणि आता आपण व्यसनी होणार म्हणून खुर्चीत ताठ बसून वाट बघायला लागला. डोळे उघडले तेव्हा खिडकीत ऊन होतं, टीव्हीवर कोणीतरी ऑम्लेट करत होतं आणि मफिन त्याच्या तोंडापाशी भुकेला उभा होता. रेइनोला पहिल्यांदा वाटलं आपण मेलो. मग आपण रात्रभर झोपलो हे लक्षात आलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पन्नासहून जास्त वर्षं त्याला वाटत होतं की झोप ही तरुणपणीच संपून जाणारी गोष्ट आहे.

एप्रिल लागला आणि ठरल्याप्रमाणे डबे बंद झाले. रेइनो बंदुकीला हात लावत नव्हता, त्याला बंद करणं भाग नव्हतं, पण माणसं उपाशी असताना प्रमुखानं जेवायचं, हे त्याला जमलं नाही. आठवड्याभरात तुकडीचा अवतार झाला. ऑर्विलची बंदूक कमरेच्या वर जाईना. डेल बिगुलाच्या सेलवरून रडकुंडीला आला. दोघांचं भांडण झालं, ते का झालं हे दोघांनाही आठवेना. आणि रेइनो पुन्हा रात्रभर छताकडे बघायला लागला. हॉलमागच्या मैदानात सराव झाला तेव्हा त्यानं 'नेम' म्हटलं, डोळे मिटले, खांदे चढवले, आणि 'फायर' म्हणायच्या आत तिघांनी फायर केलं. एकानं तर बंदूक आधीच खाली ठेवली होती.

"किती झाले?" रेइनोनं विचारलं.

"मोजायला क्लेम लागतो," ऑर्विल म्हणाला आणि बंदुकीला टेकून खाली गवतावर बसला.

"एक काम करू," डेल चिडून म्हणाला. "गोळी न घेणारा आपल्यात एकच आहे, एलवुड. तो तर चर्चमधला द्राक्षाचा रससुद्धा आधी हुंगून घेतो. द्या त्याच्या हातात बंदूक, झाडू दे एकट्याला तीन वेळा, आणि आपण सगळे झोपायला जाऊ."

डेल टोमणा मारत होता. पण रेइनो त्याच्याकडे बघत राहिला.

"एक बंदूक," रेइनो म्हणाला. "तीन वेळा."

"तीन आवाज," ऑर्विल गवतावरून म्हणाला.

सगळ्यांनी मान वळवून एलवुडकडे बघितलं. एलवुड नॅनकार्व्हिस नव्वदी ओलांडलेला, कोरियाच्या लढाईतला, जवळजवळ ठार बहिरा. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तो ते घरी साखरेच्या डब्यात ठेवतो. आताही तो आपली बंदूक पुसत, इतरांचं काय चाललंय याची पर्वा न करता उभा होता. त्याला ऐकू येत नसल्यानं सलामीच्या वेळी तो शेजाऱ्याचा धक्का लागला की चाप ओढायचा.

"त्याला हुकूम ऐकू येणार नाही," कोणीतरी म्हणालं.

"दिसेल," रेइनो म्हणाला. "मी हातानं देईन."

"मोतीबिंदू आहे त्याला. तुला अगदी त्याच्या नाकासमोर उभं राहावं लागेल. बंदुकीला खेटून."

आजवर तो ओळीच्या टोकाला, बंदुकांपासून जमेल तितका लांब उभा राहत आला होता. आता आवाज कानापाशी होणार होता आणि हात हलला की एलवुडचा बार उडणार होता. पण क्लेमनं तीन आवाज मागितले होते.

"सगळ्यांनी आपापल्या गोळ्या सुरू करा," तो म्हणाला. "बंदुकीला कोणी हात लावायचा नाही." त्या संध्याकाळी टॅमरॅकमधले म्हातारे लवकर झोपले.

मेच्या मध्यावर जमीन मऊ झाली. झाडांच्या सावलीत अजून थोडा बर्फ होता आणि उन्हात काळ्या माश्या. या माश्या चावतात, आणि हात वर धरून स्थिर उभा असलेला म्हातारा दिसला की फारच आवडीनं चावतात. क्लेमची पेटी कोठडीतून आणून खड्ड्यावर ठेवली होती. सहा जण रिकाम्या हातांनी ओळीत उभे राहिले. त्यांच्यापुढे एकटा एलवुड, खांद्याला बंदूक, नळी आभाळाकडे. आणि एलवुडच्या समोर, नळीच्या बाजूला हातभर अंतरावर, रेइनो.

लोकांत कुजबुज झाली. एवढ्या बंदुकांची सलामी मिळालेला हार्वी आणि क्लेमला एकच? बर्नी मात्र पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून शांत बसली होती.

रेइनोनं हात वर केला. रात्री तो झोपला होता, हात सरळ राहिला. एक माशी त्याच्या कानामागे बसली आणि तिनं जेवण सुरू केलं. एलवुड डोळे बारीक करून त्या हाताकडे असं बघत होता की जणू त्याला तेवढंच दिसत होतं, आणि खरोखर तेवढंच दिसत होतं. डोळे मिटायचे नाहीत, रेइनोनं स्वतःला बजावलं. तू मिटलेस तर याला वाटेल काहीतरी चुकलं.

त्यानं हात खाली केला. आवाज झाला.

तो आवाज त्याच्या छातीतून आरपार गेला. जुनं सगळं तिथेच होतं, खड्डा, चिखल, शेजारी तरुण क्लेम. पण एलवुड समोर पुढचा बार भरून हाताकडे बघत उभा होता, आणि त्याला वाट बघायला लावणं बरं नव्हतं. रेइनोनं हात वर केला, खाली केला. दुसरा. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिसरा. आवाज जंगलावरून तळ्याकडे गेला आणि त्याच्यामागे काहीच आलं नाही. लाह्या नाहीत, उशिराचं फट् नाही. रेइनोचे डोळे पूर्ण वेळ उघडे होते, आणि आता ते वाहत होते.

बर्नीनं मांडीवरून हात उचलला आणि तीन बोटं दाखवली.

डेलचा बिगूल अप्रतिम वाजला. वाजून संपला तरी डेलचे गाल थोडा वेळ फुगलेलेच होते, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

नंतर हॉलमध्ये जेवण. पास्टी, बीटचं लोणचं, बर्नीच्या बहिणीचा केक. पाद्रीबुवा टेबलाच्या टोकाला बसले होते. लोक येऊन एलवुडची पाठ थोपटत होते आणि रेइनो ताठ मानेनं सांगत होता की तुकडीचा एक नियम आहे, बंदुकीला हात लावायचा तो स्वच्छ माणसानंच. आमच्यात असा एकच निघाला, पण निघाला.

"रेइनो," एलवुड म्हणाला. बहिऱ्याचं बोलणं, अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. "क्लेम तर गेला. आता माझ्या हिरव्या गोळ्या कोण आणणार?"

काटे-चमचे थांबले.

"कसल्या गोळ्या?" रेइनोनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"झोपेच्या. आंबट असतात त्या. क्लेम आणून द्यायचा. पुढे त्यानं बर्नीला सांगून ठेवलं होतं. काल रात्री शेवटची खाल्ली."

"तुम्हाला ठाऊक आहे त्यात काय असतं?"

"काय?"

"त्यात काय असतं, ठाऊक आहे?" रेइनो ओरडला.

"गांजा," एलवुड म्हणाला. "मी बहिरा आहे, खुळा नाही."

"मग मला बोलला का नाहीत?"

"क्लेम म्हणाला, रेइनोला सांगू नका, त्याचा एक नियम आहे."

सहाही जण आपापल्या ताटाकडे बघत होते. पाद्रीबुवा केक कापता कापता सुरी धरून थांबले होते. बर्नीनं तोंडाला रुमाल लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत होती की हसत होती हे सांगणं कठीण होतं, बहुधा दोन्ही. रेइनोला क्लेमचा चेहरा डोळ्यांसमोर दिसला, पेपरमिंटचा डबा सरकवतानाचा. मरेपर्यंत तो एकट्या रेइनोला फसवत होता आणि तीन आवाजांचं हे सगळं रेइनोसाठीच मांडून ठेवून गेला होता.

एलवुड उत्तराची वाट बघत होता, मघाशी हाताकडे बघत होता तसाच. रेइनो खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसला, कानाशी वाकला, आणि एलवुडला नीट ऐकू जावं म्हणून जेवढा जोर लावावा लागतो तेवढा लावून म्हणाला, "मंगळवारी चला आमच्याबरोबर. त्या दिवशी सूट असते."